शेंदराखालचा नंबर

माझं लग्न एका मोटारीशी झालं, असं मी माहेरी वाईला गेले की म्हणायची. आई रागवायची आणि वडील ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, कारण ते त्यांना लागायचं. इस्लामपूरजवळच्या खेड्यातून स्थळ आलं, मुलगा फौजेत आहे, घरचा ऊस आहे, एवढं कळल्यावर वडील नुसतं ‘बघू’ म्हणाले होते. पण बोलणी करायला ती मंडळी मोटारीतून आली. लांबलचक, लाल, दोन्ही बाजूंना भल्या मोठ्या काचा असलेली विलायती मोटार आमच्या गल्लीत वळेना, म्हणून घाटावर उभी केली आणि निम्मी वाई ती बघायला लोटली. मंडळी पहाटे निघून दिवस कलताना पोचली होती, पण एवढा वेळ का लागला हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ‘एका राजेसाहेबांनी विलायतेत मुद्दाम बनवून घेतलेली गाडी हाय,’ असं माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी सांगितलं आणि वडिलांनी मुलाला एकही प्रश्न विचारला नाही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, पुढं एम.ए. करायचं मनात होतं. ते मनातच राहिलं आणि मी त्याच मोटारीत बसून सासरी आले.

सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, सासूबाईंना आत्याबाई. मामंजींच्या वडिलांनी म्हणे शिकारीत राजेसाहेबांना वाघापासून वाचवलं आणि राजेसाहेबांनी खूश होऊन अंगावरच्या शेल्यासारखी गाडी उतरवून दिली. आजेसासऱ्यांना वाघासमोर उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते आत्याबाईंच्या सासूसमोरही उभे राहत नसत असं ऐकून होते. पण गाडी दारात होती, त्यामुळं वाघ असलाच पाहिजे होता.

गाडीच्या एकेका अवयवाला एकेक कथा होती. मागची जागा एवढी लांब का, तर राजेसाहेबांना शिकारीहून येताना आडवं व्हायला लागायचं. तळाला लाकडी रूळ कशाला, तर मारलेला वाघ आत सरकवायला. त्या रुळांवर आता फळ्या टाकून बाकडी ठोकली होती. बाजूंना एवढ्या काचा का, तर प्रजेला राजाचं दर्शन व्हावं. काचांच्या वर पडद्याच्या कड्या होत्या, त्या राणीसाहेबांसाठी. दर्शनही द्यायचं आणि पडदाही ओढायचा, हे एका गाडीत कसं जमायचं, असं मी एकदा विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, ‘राजा दाखवायचा, राणी न्हाई.’

आणि गाडी एवढी हळू का चालते, तर राजाला घाई नसते.

या हळू चालण्यावर मात्र सगळा भाग खूश होता. आसपासच्या गावांत कुणाचंही लग्न असो, वरात आमच्याच गाडीतून निघायची. बँडपुढं नाचणारी पोरं थांबली की गाडी थांबायची, सरकली की सरकायची. गावभर मुंगीच्या पावलानं फिरली तरी तापायची नाही. दुसऱ्या कुणाची मोटार असती तर चौकात वाफ सोडून बसली असती आणि नवरदेवाला उतरून ढकलायला लागलं असतं. शिवाय काचांतून नवरा-नवरी अख्ख्या गावाला दिसायची. मामंजी स्वतः फेटा बांधून चाक धरायचे आणि नवरदेवापेक्षा ताठ बसायचे.

मग सरकारनं राजांचे तनखे बंद केले. राजे बिचारे गप्प झाले, पण राजांशी नातं सांगणारे गावोगाव उगवले. कुणाच्या माळ्यावर तलवार सापडली, कुणाच्या पणजोबांना पालखीचा मान सापडला. त्याच हंगामात माझ्या धाकट्या नणंदेला साताऱ्याचं सरदार घराण्यातलं स्थळ सांगून आलं.

नणंद सांगलीला बोर्डिंगात राहून बी.ए. झाली होती आणि तिला तिथंच बी.एड. करून शाळेत शिकवायचं होतं. मुलगा तिनं पाहिला होता. तो घटकाभरात तीन वेळा ‘आमच्यात बायका नोकरी करत नाहीत’ म्हणाला आणि बाकी वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. ती मला परसात म्हणाली, ‘वहिनी, मला तिथं घातलं तर माझं वाटोळं हुईल.’ तोंड लपवून रडली नाही, सरळ माझ्याकडं बघून म्हणाली. मामंजींना सांगायची हिंमत तिला नव्हती, मला तर नव्हतीच. मला माझा एम.ए. आठवला आणि लय राग आला, पण तो राग दाखवायला त्या घरात जागा नव्हती.

मुलाचे वडील, म्हणजे होऊ घातलेले व्याही, पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मिशीवर हात ठेवूनच ते बोलत. म्हणाले, ‘गाडी खानदानी दिसते. आमच्याकडे तलवार आहे, तिची सनदही आहे. गाडीचा दाखला असेलच तुमच्याकडे?’

‘असणार की,’ मामंजी म्हणाले. नव्हता.

‘मुंबईचे हौशी लोक विलायतेच्या कारखान्याला लिहून मागवतात म्हणे. कोणती गाडी कुणासाठी केली, तिथं सगळी नोंद असते. तेवढा कागद येऊ द्या. राजेसाहेबांचं नाव निघालं की माघात बार उडवून देऊ.’

म्हणजे पोरीचा संसार आता विलायतेच्या एका कारकुनाच्या हातात गेला. पोरीला काय हवंय हे विचारायला परसापर्यंत जावं लागलं असतं. त्यापेक्षा विलायत जवळ होती.

त्याच संध्याकाळी मामंजींनी मला हवाईपत्र घेऊन बसवलं. नणंदेच्याच सोयरिकीचं पत्र नणंदेकडून लिहून घेता येत नव्हतं, म्हणून घरात इंग्रजी लिहिणारी उरले मीच. लग्नानंतर माझ्या बी.ए.चा त्या घराला पहिल्यांदा उपयोग झाला.

‘लिव सूनबाई. श्रीकृपेनं इकडं सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी.’

‘मामंजी, कारखान्याला कसली खुशाली विचारायची?’

‘कारखान्यात माणसंच असतात न्हवं? लिव. यंदा ऊस बरा हाय म्हणून बी लिव.’

मी लिहिलं. गाडीचं वर्णन लिहिलं, काचा लिहिल्या, रूळ लिहिले. मग ते उभे राहून, छाती काढून म्हणाले, ‘आमच्या गावात असं एक बी घर न्हाई, की ज्यातला माणूस या गाडीत बसून वाजतगाजत गेला न्हाई. हे नीट लिव.’ मी नीट लिहिलं. मिरवणूक लिहिली, बँड लिहिला, फुलांच्या माळा लिहिल्या. लग्नाची मिरवणूक, असा खुलासा त्यांनी केला नाही आणि मीही केला नाही. मी रागात होते, सांगितलेलं तेवढंच उतरवत होते.

उत्तर आलं ते दोन ओळींचं. आपण कळवलेली माहिती रंजक आहे, तरी गाडीचा नंबर कळवावा; इंजिनाजवळच्या पितळी पट्टीवर तो कोरलेला असतो.

पट्टी कुठं आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बॉनेट उघडलं की समोर जो शेंदराचा गोळा दिसायचा, तीच पट्टी. आजेसासऱ्यांनी गाडी आणल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला गाडीचा देव कुठला असा प्रश्न निघाला होता. नांगराचा फाळ देव, तलवारीची मूठ देव, तसा गाडीत कोण? तेव्हा ही चकचकीत पट्टी त्यांनी नेमली आणि तिला तेलात खललेला शेंदूर लावला. तेव्हापासून दर दसऱ्याला एक थर चढत होता. माझ्या डोळ्यांदेखत त्या गोळ्याला नाक आल्यासारखं दिसायला लागलं होतं. गाडीच्या सरकारी पुस्तकातही नंबराच्या रकान्यात कुण्या साहेबानं ‘वाचता येत नाही’ असं लिहून खाली झोकदार सही केली होती. बहुतेक त्यानंही नमस्कारच केला असावा.

मी म्हटलं, खरवडून काढू, सुरी आणते. आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवाच्या नरड्यावरच सुरी धरली होती.

शेवटी गावच्या गुरवाला बोलावलं. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ पाहिलं आणि निर्णय दिला, की देवाला शेंदूर जड झाला की तो आपण होऊन खोळ टाकतो. माणसानं काढायची नसते. ‘पर देव लोखंडी जागेवर बसलाय,’ तो म्हणाला, ‘त्याला थोडी ऊब दिली तर त्याची इच्छा हुईल.’ म्हणून गाडी सुरू करून दुपारभर उन्हात घुरघुरत ठेवली. गाडी तापण्यातली नव्हती, पण वर ऊन आणि खाली इंजिन, दोन्हीकडून देवाला इच्छा करावीच लागली. खोळ निम्मी सुटली, निम्मी गुरवानं नारळाच्या करवंटीनं ‘मदत’ केली. सुटलेला शेंदूर ताम्हनात घेऊन, पुढं हलगी लावून, सगळी भावकी कृष्णेला गेली आणि तो पाण्यात सोडला. कुणीतरी डोळेही पुसले. इकडं मी रॉकेलच्या बोळ्यानं पट्टी पुसली आणि नंबर उतरवून घेतला. तेवढ्या कामाला मला ना गुरव लागला ना हलगी.

नंबर गेला. महिने गेले. पोस्टमन दिसला की नणंद परसात जायची आणि मामंजी सोप्यात यायचे.

एक दिवस जाड कागदाचं लांब पाकीट आलं. मी हात पुढं केला तर मामंजींनी पाकीट कपाळाला लावलं आणि आत्याबाईंच्या हाती दिलं. आत्याबाईंनी त्याला हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवलं. पाव्हण्यांच्या समोरच फोडायचं, असं ठरलं. मी म्हटलं, ‘मामंजी, आधी एकदा वाचून तरी बघू.’

‘राजेसाहेबांचा कागद हाय. असा चोरून वाचायचा न्हाई.’

आमच्यात वाचण्याआधी पूजा होते. पट्टीचं तेच झालं होतं, पाकिटाचंही तेच झालं. माझ्या वडिलांनी वाईच्या घाटावर तरी वेगळं काय केलं होतं?

साताऱ्याची मंडळी आली. त्यांना इस्लामपूरच्या एस.टी. स्टँडवरून आणायला मामंजी स्वतः गाडी घेऊन गेले होते. व्याही, विहीणबाई, मुलगा आणि मुलाचा मामा असे चौघंजण काचांमागं ताठ बसून, रस्त्यावरच्या लोकांचे रामराम घेत आले. सोप्यात तक्क्यांना टेकले. चहा झाला. नणंद पोह्यांच्या बशा देऊन दाराआड उभी राहिली. मामंजींनी देव्हाऱ्यातून पाकीट आणून माझ्यापुढं धरलं. ‘सूनबाई, मोठ्यानं वाच. मराठीतनं सांग.’

मी पाकीट फोडलं. कुंकू हाताला लागलं. कागद उघडून आधी मनात वाचला. दुसरं काहीतरी रचून सांगावं असं क्षणभर वाटलं, हे लपवत नाही. पण रचायला मला वेळ लागतो, आणि दाराआडून नणंद माझ्याकडं बघत होती. मी जसं होतं तसं सांगितलं.

गाडी मुंबईच्या एका कंपनीच्या मागणीवरून बांधली होती. कंपनीचा धंदा साहेबलोकांची प्रेतं कबरस्तानात पोचवण्याचा. गाडी त्यासाठीच. शवपेटी मावावी म्हणून मागची जागा लांब. पेटी सरकवायला तळाला लाकडी रूळ. आप्तांना पेटी दिसावी म्हणून बाजूंना काचा, वर काळ्या पडद्यांच्या कड्या. आणि शोक करणारे लोक पायी चालणार, त्यांच्या चालीनं चालावी व न तापता चालावी म्हणून गिअर मुद्दाम मंद ठेवलेले. रंग काळा.

शेवटी कारखान्यानं लिहिलं होतं, की इतक्या वर्षांनीही ही गाडी आपल्या मूळच्याच कामात आहे आणि गावातल्या प्रत्येक कुटुंबाची सेवा करते आहे, हे आपल्या पत्रावरून कळून समाधान वाटलं. यंदा ऊस बरा असल्याबद्दल अभिनंदन.

ऊस मीच आधी सांगितला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटलं. तेव्हा कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. व्याह्यांचा मिशीवरचा हात खाली आला. त्यांनी स्वतःच्या धोतराकडं बघितलं, मग दारातल्या गाडीकडं बघितलं. विहीणबाई पटकन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आंघोळीला पाणी कुठं आहे?’

सुतकाची आंघोळ काही कुणाच्या न्हाणीघरात करायची नसते. साताऱ्याचं सरदार घराणं आमच्या उसातल्या इंजिनाच्या पाण्याखाली अंगावरच्या कपड्यांनिशी ओळीनं उभं राहिलं. मुलाच्या मामांना थंडी बाधायची, ते सारखे ‘डोक्यावरून नको’ म्हणत होते आणि विहीणबाई त्यांचं डोकं धरून पाण्याखाली घालत होत्या. गाडीनं सोडतो, असं मामंजी सवयीनं म्हणून गेले. मंडळी ओल्या अंगानं उसाच्या बैलगाडीतून स्टँडवर गेली. नियमानं बघायचं तर आख्ख्या पंचक्रोशीलाच कृष्णेत उभं करायला हवं होतं, मलाही. मी माझ्या हातावरचं कुंकू तेवढं धुतलं.

त्या संध्याकाळी मामंजींनी मला बोलावलं. कागद त्यांच्या मांडीवर होता.

‘सूनबाई, खरंच तसं लिवलंय?’

‘तसंच आहे मामंजी.’

‘एवढ्याशा कागदात एवढं सगळं?’

‘हो.’

ते कागदाकडं बघत राहिले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. येणारे लोक इस्लामपुरात ढिगानं होते; साखर कारखान्यातले क्लार्क होते, हायस्कुलाचे मास्तर होते. मी म्हटलं, ‘कुणाकडूनही वाचून घ्या.’

‘कशाला?’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘पोरीला सांगलीला जायाचं हाय, व्हय?’

‘हो.’

‘तू एवढ्या थराला गेलीस, म्हंजी तिच्या लयच मनात असणार.’

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. कळलं तोवर त्यांनी कागद घडी करून देव्हाऱ्यात ठेवला होता आणि हात जोडले होते. जूनमध्ये नणंद सांगलीला गेली. तिची ट्रंक मामंजींनी फळी काढून त्याच रुळांवरून आत सरकवली, आणि ती इतकी अलगद गेली की ते माझ्याकडं बघायचं टाळत बॉनेटकडं गेले.

गावात आठ दिवसांत पसरलं, की पाटलांच्या सूनबाईनं नणंदेसाठी डाव टाकला, भर सोप्यात सरदाराला गंडवलं. बायका विहिरीवर मला जागा करून द्यायला लागल्या. फौजेतून सुट्टीवर आलेले आमचे हे म्हणाले, ‘तुझ्यात एवढी धमक असंल असं वाटलं नव्हतं गं.’ आत्याबाईंनी तोवर कधी दिली नव्हती ती तिजोरीची किल्ली माझ्या कमरेला आली. मी खरं तेच वाचलं, असं मी पहिल्या-पहिल्यांदा सगळ्यांना सांगितलं. लोक डोळा मारायचे. वराती पहिल्यासारख्या सुरू झाल्या. एका चावट चुलत दिरानं तेवढं विचारलं, ‘वहिनी, समजा गाडी मढ्याचीच असली, तर नवरदेव तरी कुठं माघारी येतोय?’

नणंदेला सांगलीच्याच शाळेत नोकरी लागली. पहिल्या पगारात ती माझ्यासाठी इरकल घेऊन आली. साडी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, ‘वहिनी, तुमी त्या दिवशी माझ्यासाठी खोटं वाचलं, ते मी जन्मात विसरणार न्हाई.’

‘अगं, ते खरं होतं.’

‘व्हय, व्हय.’

‘कागद देव्हाऱ्यात आहे. तुला इंग्रजी येतं. काढ आणि वाच.’

ती देव्हाऱ्याकडं बघत राहिली. कागद कुंकवानं आणि समईच्या तेलानं भरला होता, तरी अक्षरं अजून लागत होती. ती म्हणाली, ‘नको. या घरात माझ्यासाठी कुणी एवढं केलं, हे मला असू द्या.’

त्या घरात चारचौघांत मी एकदाच तोंड उघडलं आणि एकदाच खरं बोलले. तेवढंच खोटं ठरलं, आणि त्यावरच माझं त्या घरात बस्तान बसलं. मी साडी नेसले.

त्या दसऱ्याला मामंजींनी शेंदराची वाटी माझ्या हातात दिली. बॉनेट उघडलेलं होतं. सुनेला हा मान आमच्यात कधी मिळाला नव्हता. खोळ टाकलेल्या देवाला मधला एक दसरा शेंदूर लावायचा नाही असं गुरवानं सांगितलं होतं, त्यामुळं पितळी पट्टी स्वच्छ होती आणि नंबर अगदी सरळ वाचता येत होता. मी तेलात शेंदूर खलला आणि एकेक आकडा दिसेनासा होईपर्यंत लावला.